उजवीकडे दोन अंश

कारखान्यात सगळे त्याला गुण्या म्हणत. सदतीस वर्षं फिटर म्हणून काढली, आणि खिशातला पोलादी गुण्या लावून काटकोन तपासल्याशिवाय त्याने एकही काम हातावेगळं केलं नाही. घरी खिडकी बसवताना गुण्या, भिंतीवर लग्नाचा फोटो टांगतानाही गुण्या. बायको एकदा म्हणाली, "माझ्या नाकालाही लावून बघा." त्याचा हात खरोखरच खिशाकडे गेला, तेव्हापासून तिने तो विषय काढला नाही. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण खिशातलं हत्यार काही सुटलं नाही.

त्याचा थोरला भाऊ म्हणजे दादा. तो नकाशे काढायच्या कचेरीत होता. केसाएवढ्या बारीक रेषा मारणारा माणूस, आणि नेमका त्याच्याच डोळ्यांवर घाला आला. काचबिंदू. जग त्याला नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं. मधलं थोडं, बाकी अंधार. ती नळीही महिन्यागणिक बारीक होत होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं, की वर्षभराची गोष्ट आहे.

दुसऱ्या एखाद्याने हाय खाल्ली असती. दादाने बाजारात जाऊन लाकडी विमानाचे तीन डबे आणले. एक टेबलावर उघडला, दोन कपाटावर ठेवले, आणि धाकट्याला बोलावून घेतलं.

"हे बघ," तो म्हणाला, "डोळे जाणार, त्याला इलाज नाही. पण हात आहेत ना? हे विमान मी बोटांनी चाचपून बांधणार. कुणी मदतीला यायचं नाही. उडालं, तर मी अजून कामाचा माणूस. मग पुढचे दोन डबे पूर्ण अंधारात बांधीन. नाही उडालं, तर मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवा आणि रेडिओ लावून द्या. मी चकार शब्द काढणार नाही."

"काहीतरीच बोलू नकोस," गुण्या म्हणाला. पण दादा काहीतरीच बोलणाऱ्यातला नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं.

विमान असं, की ते खालून चालवायची सोय नव्हती. इंजिन सुरू करायचं आणि हातातून सोडून द्यायचं. वीस सेकंद इंजिन त्याला वर नेणार, मग इंधन संपलं की ते तरंगत खाली येणार. एकदा सुटलं की बांधताना त्याच्यात जे घातलंय तेवढंच ते करणार, वर कुणाची मखलाशी चालायची नाही. दादाने म्हणूनच ते निवडलं होतं.

सात महिने लागले. वहिनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला विणकाम घेऊन बसायची आणि तोंडाला कुलूप लावायची. एकदा खाली पडलेली टाचणी तिने उचलून दिली, तर गृहस्थ दिवसभर तिच्याशी बोलला नाही. बोटं चिकटली, कापली, पण पंखांच्या पट्ट्या एकेक करून जागेवर बसत गेल्या.

फक्त इंजिनाचं काम दादाने स्वतः होऊन सोडलं. त्या बारीक स्क्रूंच्या खाचा आणि इंधनाची ती दोऱ्यासारखी नळी त्याच्या आवाक्याबाहेरची होती. "हे तुझं खातं," म्हणत त्याने विमान गुण्याच्या हातात दिलं. "नाकाची लाकडी पाटी मी घासून तयार ठेवलीय. तिच्यावर इंजिन नुसतं बसवायचं. डब्यातला नकाशा नेतोस का बरोबर?"

"चार बोल्टांना नकाशा?" गुण्या हसला. "उद्या चहा ढवळायलाही नकाशा देशील."

दादाही हसला. नकाशा टेबलावरच राहिला.

दुपारी गुण्याने आपल्या मागच्या खोलीत बैठक मारली. विमानाचं धड मांडीवर घेतलं. किती हलकं होतं ते! एकही सांधा फुगलेला नाही, कुठे गोंदाचा ओघळ नाही. डोळे असलेल्यालाही जमलं नसतं असं काम. त्याचा ऊर भरून आला. मग सवयीने त्याने नाकाच्या पाटीला गुण्या लावला, आणि त्याखालून उजेड दिसला.

त्याने पुसून पुन्हा लावला. तरी उजेड. पाटी काटकोनात नव्हती. किंचित उजवीकडे कलली होती. एवढं सगळं देखणं, आणि ऐन मोक्याच्या जागी बिचाऱ्याची बोटं चुकली.

त्याला स्वतःचा ठोकळा आठवला. सोळाव्या वर्षी तो शिकाऊ म्हणून लागला, तेव्हा लोखंडाच्या तुकड्यातून कानशीने चौरस ठोकळा काढायचं काम मिळालं होतं. दीड महिना तळहात सोलून त्याने तो केला आणि दादाला दाखवला. दादाने दिव्याखाली फिरवून पाहिला आणि म्हणाला, "आरशासारखा सरळ आहे रे!" नकाशावर वजन म्हणून टेबलावर ठेवूनही दिला. पुढे वर्षाने हाताला गुण्या आला, तेव्हा धाकट्याने गुपचूप तपासलं. ठोकळ्याची एक बाजू दुसरीशी जुळत नव्हती. केसाएवढ्या रेषा मारणाऱ्याला ते दिसलं नसेल? पण त्या एका खोट्यावर पोरगं वर्षभर तगून राहिलं होतं.

आता आपली पाळी, असं त्याला वाटलं. दादाला सांगितलं तर तो विमान उडायच्या आधीच खुर्चीत जाऊन बसेल. न सांगता दुरुस्त केलं तर कुणाचं काय बिघडणार? त्याने बारीक कानस घेतली. चार हात मारायचे, गुण्या लावायचा. पुन्हा दोन हात. उजेड पार मिटला तेव्हा त्याने पॉलिश पेपर घेतला आणि दादा घासायचा तसंच सावकाश, गोल गोल घासलं. वरून वार्निशचं बोट फिरवलं. कानशीची एक रेघ कुठे शिल्लक ठेवली नाही. कुणाच्या बापाला कळणार नाही, असं काम झालं. मग इंजिन चार बोल्टांवर कसलं. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

रविवारी सकाळी वारा पडलेला होता. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात तिघं गेली: दादा, वहिनी आणि गुण्या. आधी इंजिन बंद ठेवून दादाने विमान हातानेच हलकं फेकलं. ते सुतात ओवल्यासारखं सरळ गेलं आणि गवतावर अलगद टेकलं. तीनदा फेकलं, तिन्ही वेळा तसंच. दादा लहान पोरासारखा हसत सुटला. वहिनीने पदर डोळ्यांना लावला.

मग गुण्याने इंजिन सुरू केलं. इंधनातल्या एरंडेलाचा जळका वास सुटला, कानठळ्या बसल्या. दादाने विमान डोक्यावर धरलं, क्षणभर थांबला आणि सोडलं.

ते चढलं. घरांहून उंच, झाडांहून उंच. दादा आपल्या नळीतून त्याच्या मागे मान फिरवत होता. आणि मग डावा पंख खाली झुकला. विमान डावीकडे वळलं, आणखी वळलं, घेरा लहान लहान होत गेला, नाक खाली गेलं, आणि ते किंचाळत जमिनीत घुसलं. एकदम शांत झालं.

दादा अजून वर बघत होता. "माझ्या नजरेतून सुटलं," तो म्हणाला. "इंजिन थांबलं ना? आता तरंगत असेल. कुठल्या बाजूला आहे?"



"अहो, पडलं," वहिनी शेवटी म्हणाली.

दादाची मान हळूहळू खाली आली. मग त्याने विचारलं, "कुठे वळलं?"

"डावीकडे," गुण्या म्हणाला.

"हं. हाताने फेकलं तेव्हा सरळ गेलं, म्हणजे पंख बरोबर. चूक नाकात." कचेरीत साहेबाला समजावावं तशा आवाजात तो बोलत होता. "इंजिनापुढच्या पंख्याच्या फिरण्याने विमान डावीकडे ओढलं जातं. म्हणून इंजिन मुद्दाम दोन अंश उजवीकडे कलतं ठेवायचं असतं. नकाशात तसं दिलंय. मी पाटी तशी घासली होती. आठ दिवस बोटं फिरवून पाहत होतो. तू बसवलंस तेव्हा कललेली होती ना रे?"

सगळं गुण्याच्या तोंडाशी आलं होतं. पण समोर विमानाचा चुरा पडला होता आणि वहिनी त्याच्याकडे बघत होती. "मी... नीट लक्ष नाही दिलं, दादा."

"तू? आणि लक्ष नाही दिलंस?" दादा कसनुसा हसला. "कललेली असती तर गुण्या लावून तू आकाशपाताळ एक केलं असतंस. सरळ होती म्हणूनच गप्प बसलास. म्हणजे माझी बोटं मला खोटं सांगत होती."

गुण्या खाली वाकून विमानाचा चुरा पिशवीत भरू लागला. आयुष्यात तो इतका भेकड कधीच वागला नव्हता.

पाचव्या दिवशी वहिनीचा फोन आला. "भावजी, ते खुर्चीतून उठत नाहीत. दोन्ही डबे देऊन टाकले. चहाचा कपसुद्धा हातात धरत नाहीत, म्हणतात सांडेल. मी पाजते."

गुण्याने चुऱ्यातून नाकाची पाटी सोडवली आणि तसाच धावत गेला. रेडिओ चालू होता. तो खुर्चीपुढे जमिनीवर बसला आणि सगळं सांगून टाकलं: उजेड, कानस, पॉलिश पेपर, वार्निश. काही लपवलं नाही. सांगताना त्याला रडू आवरेना.

दादा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तो ठोकळा आठवला वाटतं तुला?"

"दादा, ठोकळ्याचं नाही सांगत मी!"

"मी तेव्हा धडधडीत खोटं बोललो होतो. पोरगं खचू नये म्हणून. आज तू तेच करतोयस. चांगला आहेस रे तू."

"आईची शपथ, मीच घासली!"

"अहो, खरं सांगतायत भावजी," वहिनी म्हणाली.

"तूही?" दादा म्हणाला. त्याने हात पुढे केला. "बरं, दे ती पाटी. कानस मारली असेल तर बोटांना लागेलच."

गुण्याने पाटी त्याच्या हातात ठेवली. दादाची बोटं तिच्यावरून फिरू लागली, कडेने, मग आडवी, मग उभी. आपलं काम वाईट झालेलं असू दे, एखादी रेघ, एखादा ओरखडा राहिलेला असू दे, अशी याचना गुण्याने जन्मात पहिल्यांदा केली.

"कानस कुठेच लागलेली नाही," दादा म्हणाला. "सावकाश, गोल घासलंय. हे माझंच काम." अंगठा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. "आणि किती सरळ आहे. मला मात्र कललेली लागत होती."

त्याने पाटी परत दिली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"जाताना रेडिओ जरा मोठा कर."