बोकडाच्या वासाचं फडकं

आण्णासाहेबांना काचेच्या बश्या धुता धुता अकरा वर्षं झाली होती. तुळजापूरजवळच्या शेळी संशोधन केंद्रात ते परिचर होते. बश्या धुवायच्या, शेळ्यांना चारा टाकायचा आणि डॉक्टर सांगतील त्याला मान हलवायची, एवढं काम. आपल्याला काही सुचलं तर ते चुकीचंच असणार याची त्यांना खात्री होती, त्यामुळं मान हलवणं त्यांना मुळीच जड जात नसे.

गेलं वर्षभर डॉक्टर वर्षाराणी एकाच गोष्टीच्या मागं होत्या. कापलेल्या शेळ्यांची अंडाशयं थर्मासमधून कोमट पाण्यात यायची. त्यांतून अंडपेशी वेचायच्या आणि बशीत, शेळीच्या अंगाइतक्या उबेत, एक दिवस पिकवायच्या. पिकलेल्या पेशीतच पुढं गर्भ धरवता येतो आणि जातिवंत शेळीचं पिल्लू साध्या शेळीच्या पोटात वाढवता येतं. पण पेशी पिकायचंच नाव घेत नव्हत्या. शंभरात तीस पिकल्या तरी तो दिवस चांगला म्हणायचा. आता एकच खेप उरली होती. निम्म्याहून जास्त पिकल्या नाहीत तर प्रयोग बंद आणि मॅडमची रवानगी नागपूरला, असं वरून कळवलं होतं. अकरा वर्षांत आण्णासाहेबांना ‘तुम्ही जेवलात का’ असं विचारणाऱ्या त्या पहिल्याच डॉक्टर होत्या.

बशीतल्या रसात माजावर आलेल्या शेळीच्या रक्ताचं निवळ पाणी घालावं लागे. कोणती शेळी कधी माजावर येणार ते रजिस्टरवरून ठरे. मागच्या तारखेत एकवीस दिवस मिळवले की झालं.

आण्णासाहेबांनी हे तामलवाडीला घरी बायकोला सांगितलं. गजराबाईंच्या दावणीला सात शेळ्या आणि एक बोकड. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, केंद्रातले बोकड कुठं असतात? लांब, नाल्यापलीकडच्या शेडात, तसा नियमच आहे, ते म्हणाले.

“मग कसं व्हायचं? शेळी काय कॅलेंडर बघून माजावर येती व्हय? तिला बोकडाचा वास लागतो, तवा ती दाखवती.”

एवढं बोलून ती थांबली नाही. जुना पंचा घेतला, बोकडाच्या शिंगामागं खसाखसा घासला आणि बिस्किटांच्या डब्यात कोंबून नवऱ्याच्या हाती दिला. हे शेडात बांधा आणि गप बघत बसा, असा हुकूम झाला.

सकाळच्या एसटीत आण्णासाहेबांच्या शेजारचा माणूस आधी सरकला, मग उठूनच गेला. कंडक्टरनं गाडीत बोकड कुणी घेतलाय म्हणून दोनदा विचारलं. आण्णासाहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

पंचा त्यांनी दाव्याच्या खुंटीला, गवताच्या आड बांधला. कुणाला सांगितलं नाही. सहा दिवस काहीच झालं नाही, आणि आपण वेडेपणा केला असं त्यांना रोज वाटत राहिलं. सातव्या दिवशी सकाळी चौदा नंबरची शेळी चारा सोडून ओरडत उभी होती. शेपटी एकसारखी हलत होती, आणि मान सारखी त्या खुंटीकडं.

रजिस्टरात मात्र त्या दिवशी नऊ नंबर होती. ती निवांत रवंथ करत बसली होती. मॅडम सुई घेऊन तिच्याकडंच निघाल्या.

आण्णासाहेब हातातली चाऱ्याची पाटी ठेवून त्यांच्या मागं गेले. आता गप्प बसलो तर शेवटची खेपही वाया जाणार, आणि बोललो तर हसं होणार. सुई नऊ नंबरच्या मानेपाशी पोचली तेव्हा ते बोलले.

“मॅडम, नऊ नको. चौदाचं घ्या.”

“पण रजिस्टरात नऊ आहे.”

“रजिस्टर शेळीनं वाचलेलं न्हाय, असं आमची मंडळी म्हनती.”

आणि मग पंच्यासकट सगळं बाहेर आलं. मॅडमनी खुंटीजवळ जाऊन वास घेतला आणि झटकन मागं सरल्या.

“आण्णासाहेब, या वासापायी मी दोनदा गटार साफ करून घेतलंय.”

त्या हसल्या तेव्हा कुठं आण्णासाहेबांच्या जिवात जीव आला. मॅडमनी दोन्ही शेळ्यांचं रक्त घेतलं. एका बशीत नऊचं पाणी, दुसरीत चौदाचं, आणि प्रत्येकीत चाळीस पेशी.

दुसऱ्या दिवशी बश्या बाहेर निघाल्या. पिकलेल्या पेशीच्या कडेला एक बारीक ठिपका दिसतो, त्यावरून मोजायचं. नऊच्या बशीत बारा निघाल्या. चौदाची बशी मॅडमनी मोजली, कागदावर आकडा लिहिला, तो हातानं झाकला आणि त्या खुर्चीवरून उठल्या.

“आता तुम्ही मोजा.”

अकरा वर्षांत त्यांनी सूक्ष्मदर्शकाची काच हजारदा पुसली होती, तिच्यातून पाहिलं कधीच नव्हतं. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग हळूहळू एकेक गोल दिसू लागला, आणि गोलाच्या कडेला ठिपका. त्यांनी ओठ हलवत मोजलं. पुन्हा मोजलं.

“एकतीस.”

“तीस,” मॅडम कागद दाखवत म्हणाल्या. “तीससुद्धा पुष्कळ झाल्या. आता कशाला जाते मी नागपूरला.”

आण्णासाहेबांनी मान हलवली नाही. ते पुन्हा काचेवर वाकले.

“एकतीसच हायत, मॅडम. डाव्या अंगाला बुडबुडा हाय, त्याच्याखाली एक दडलीया. बघा तुमी.”

मॅडमनी पाहिलं, आणि तीसवर काट मारली.