पोरीला उष्ण पडतं

रविवारी दुपारी एकला हिंजवडीजवळच्या जांबे गावातल्या त्या घरात चार ताटं वाढली गेली, आणि चारही वेगळी होती.

शैलेशच्या ताटात दोन उकडलेली अंडी, तांदळाची भाकरी, कालवण. आठ वर्षांच्या ओमच्या ताटात एक अंडं, शेजारी दुधाचा पेला. शैलेशच्या आईच्या, बयाबाईंच्या ताटात भात, वर तूप. अकरा वर्षांच्या सृष्टीच्या ताटात भाकरी आणि आमटीचं वरचं पाणी.

पोरांच्या आईचं, साधनाचं ताट नव्हतं. ती तव्यापाशी होती.

"आजी, मला अर्धं?" सृष्टीनं विचारलं.

"पोरीला उष्ण पडतं," बयाबाई म्हणाल्या. "अंडं, दूध, शेंगदाणं खाल्लंस का वर्षाच्या आत वयात येशील. मग कुटं ठिवू तुला? वर बारा खोल्या, सव्वीस परकी पोरं."

"ताई, तू गवत खा," ओम म्हणाला. "म्हशीबी तेच खात्यात."

शैलेश हसला.

बयाबाई दुष्ट नव्हत्या. वरची भाडेकरू पोरं हिंजवडीत कामाला जात, मान खाली घालून घरातला जिना चढत. तरी पाऊल वाजलं की बयाबाईंचा घास तोंडातच थांबे. त्या पोरांना भीत. साधना बयाबाईंना भीत असे. सृष्टी सगळ्यांना.

"मधल्या खोलीत उंदरं लई झाल्यात," शैलेश म्हणाला. "जुनी मातीची भिंत ऱ्हायलीय, ती खाऊन टाकली. सकाळी औषध लिंपलंय, पिठात कालवून."

"कुटं?"

"खिडकीखाली. माझ्या कमरेएवढं."

साधनानं भाकरी उलटली.

उंदीर कमरेएवढ्या उंचीवर भिंत खात नाही.

भाकरी तव्यावरच राहिली. ती मधल्या खोलीत आली तेव्हा खिडकीखाली चुना खरवडलेला होता, आत माती दिसत होती. नखांच्या रेघा. पाच, पुन्हा पाच. पिठाच्या ओल्या लेपावर दोन बोटांची खाच.

"सृष्टे, हितं ये."

पोर आली.

"बोटं दाव."

नखांत पांढरं.

"मी रोज न्हाई खात," सृष्टी म्हणाली. "कवातरी. भिंतीचा वास चांगला येतो, आई. आज निसता कडू लागला."

त्यानंतर मोटारसायकल, आणि साधनाला आठवतात ती फक्त वाक्यं.

"हॉर्न मारा."

"मारतुया की. समोर टँकर हाय."

"झोपू नको. सृष्टे. पाढा म्हण. सातचा."

"सात एके सात. सात दुणे..."

"पुढं."

"आई, पोटात लई दुखतंय."

"पुढं म्हण."

"..."

"सृष्टे."

दवाखान्यात डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी पोट धुवून काढलं, सलाईन लावलं, आणि दोन तासांनी बाहेर आल्या. पोटात विष थोडंच गेलं होतं. दोन दिवस नजरेखाली ठेवायचं होतं. साधना भिंतीला टेकली.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या हातात दुसरा कागद होता. "हिमोग्लोबिन साडेपाच आहे. हे विषानं झालेलं नाही. कित्येक महिन्यांचं आहे. आजच रक्त चढवावं लागेल. अंगात लोह नसलं की मुलं माती खातात, चुना खातात. घरात खायची अडचण आहे का?"

"न्हाई मॅडम," शैलेश म्हणाला. "दोन म्हशी हायेत. कोंबड्या हायेत."

"मग?"

बोलली ती साधना.

"उष्ण पडतं म्हणून देत न्हाई. लवकर वयात यील म्हणून."

घरात हे वाक्य तिनं शेकडो वेळा ऐकलं होतं. परक्या माणसासमोर, आपल्या तोंडून, ते पहिल्यांदाच. तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

"उपाशी ठेवून वय थांबत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मुलगी मात्र थांबेल."

बुधवारी दुपारी सृष्टी घरी पाटावर बसली. साधनानं तिच्या ताटात अंडं ठेवलं. ताटावर लगेच बयाबाईंचा हात आला.

"माजं ऐक. मी अकराव्या वर्षाला वयात आले. बाराव्याला लगीन. तेराव्याला पहिलं लेकरू झालं आन् गेलं. माज्या आयनं मला गूळ-शेंगदाणं लई खाऊ घातलं, म्हणून झालं समदं. पोरीचं तसं हुयाला नको."

चौदा वर्षांत साधना या बाईला एकही उलट शब्द बोलली नव्हती.

"आत्या, तुमचं लगीन गुळानं लावलं न्हाई. माणसांनी लावलं."

वर खोलीत कुणीतरी बादली ओढत होतं.

"वरच्या पोरांचं भ्या वाटत आसंल, तर जिना घराबाहेरनं काढा," ती शैलेशकडं वळली. "सृष्टी येईल वयात, तवा येईल. मी हाय. पर तिच्या पोटाला कुलूप लावू देणार न्हाई."

"काढतो जिना," शैलेश हळूच म्हणाला. "आये, हात काढ."

बयाबाईंनी हात काढला नाही. साधनानंच तो दोन्ही हातांनी उचलला आणि म्हातारीच्या मांडीवर नेऊन ठेवला.

सृष्टीनं अंडं उचललं. मग ती पाटावरच फिरली, सगळ्यांकडं पाठ करून, डोकं खाली घालून, एका हाताच्या आडोशानं भराभर खाऊ लागली. भिंत अशीच खायची ती.

ते बघून साधनाला दवाखान्यातल्यापेक्षाही जास्त भीती वाटली. इंजेक्शनानं हे जाणार नव्हतं.

तिनं लेकीचे खांदे धरले आणि तिला सावकाश वळवलं.

"हिकडं तोंड कर. समद्यांच्या पुढं खा."

सृष्टीनं आजीकडं बघितलं. तोंडातला घास तसाच होता. आजींचा हात मांडीवरच होता. मग तो घास हळूहळू, सगळ्यांच्या देखत, चावला जाऊ लागला.

आज तुमच्या घरी जेवणं होतील. तेव्हा नीट बघा, पाठ कुणाची दिसते.