लिफ्ट चालू असेल तिथेच

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत सगळे त्याला उस्ताद म्हणत. हे नाव त्याने कुणाकडे मागितलं नव्हतं. अडकलेली माणसं बाहेर काढता काढता ते आपोआप चिकटलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते पगारापेक्षा गोड लागायचं. मग एक दिवस कंपनीला ज्येष्ठ कर्मचाऱ्यांची आठवण झाली, आणि उस्तादचा काका झाला.

आठवण करून दिली ऑफिसातल्या नव्या मॅडमने. कर्मचाऱ्यांच्या सोयीगैरसोयी बघणं हे तिचं काम. पोरगी गुणी होती, मनाने चांगली होती, आणि अशी माणसं एकदा का कुणाचं भलं करायला निघाली की समोरच्याची धडगत नसते. तिने पंचावन्नच्या पुढच्या सगळ्यांची बैठक बोलावली. सगळ्यांची म्हणजे एकट्या उस्तादची, कारण बाकीच्यांना कंपनीने केव्हाच घरी पाठवलं होतं.

"काका, कामात काही त्रास होतो का? मोकळेपणाने सांगा," मॅडम म्हणाली.

"मला कसला त्रास," उस्ताद म्हणाला.

गुडघे टेबलाखाली होते, त्यामुळे त्यांचं मत कुणी घेतलं नाही.

संध्याकाळी त्याच गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवत बायकोने विचारलं, "सांगितलंत का त्यांना?"

"सांगायचं काय त्यात? उद्या म्हणतील, घरी बसा."

"मग त्यांना काय स्वप्न पडणार आहे?" बायको म्हणाली आणि पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर सरकवली.

स्वप्न न पडताच मॅडमने नियम केला. ज्येष्ठ कर्मचाऱ्यांनी जिना चढायचा नाही. जिथे लिफ्ट चालू असेल तिथेच त्यांना पाठवायचं. आता, जुन्या इमारतींत लिफ्टची मोटर असते गच्चीवरच्या खोलीत. लिफ्ट बंद पडली की तिथे जायला जिन्याशिवाय रस्ता नाही. म्हणजे जिथे लिफ्ट बिघडलीय तिथे उस्तादने जायचं नाही, आणि जिथे तो जाईल तिथे बिघडलेलं काही नसणार. डॉक्टरला फक्त धडधाकट माणसांच्या घरी धाडावं, तसला हा प्रकार. ऑफिसात मात्र टाळ्या वाजल्या.

उस्ताद चालू लिफ्टमधून वर जाऊ लागला आणि चालू लिफ्टमधून खाली येऊ लागला. लोकांना विचारायचं, "काही तक्रार?" लोक म्हणायचे, "नाही." एका इमारतीतल्या म्हाताऱ्याला वाटलं, हा बटण दाबायला ठेवलेला माणूस आहे. त्याने मजला सांगितला. उस्तादने निमूटपणे बटण दाबलं. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही.

बरोबरचे दोघे मेकॅनिक, लंबू आणि चष्मेवाला, कालपरवापर्यंत त्याच्या शिव्या खाऊन शिकलेले. तेही आता हातातली पिशवी काढून घेत आणि म्हणत, "काका, राहू द्या." प्रेमानेच म्हणत, म्हणून तर भांडायचीही सोय नव्हती.

आणि वर्ष संपत आलं होतं. कोणी किती दुरुस्त्या केल्या ते बघून पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं हे मोठे साहेब ठरवत. नियम झाल्यापासून उस्तादच्या नावापुढे भोपळा होता. लिफ्टखेरीज त्याला जगात दुसरं काही येत नव्हतं, घरी बसणंही नाही.

अशात मॅडमला त्याचा फोटो हवा झाला. कंपनी वयस्कांना कशी सांभाळते हे लोकांना दाखवायचं होतं. ती त्याला एका आठ मजली इमारतीत घेऊन गेली. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट, पण चालू. नियम म्हणजे नियम.

"काका, तुम्ही खालीच थांबा. उजेड कुठल्या मजल्यावर चांगला आहे ते बघून येते," असं म्हणून मॅडम एकटीच वर गेली. चौथ्या मजल्याच्या अलीकडे लिफ्ट थांबली. मग उस्तादच्या खिशातला फोन वाजला.

"काका, लिफ्ट अडकलीय."

कबूल करायला हवं, उस्तादला आधी आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली. पण आनंद आधी झाला.

"घाबरू नका. दाराला हात लावू नका. मी वर जातो."

"वर नको! जिना चढायचा नाही तुम्ही. मी लंबूला बोलावते."

लंबू गावाच्या दुसऱ्या टोकाला होता, चष्मेवाला त्याच्याही पलीकडे. ते येईपर्यंत मॅडम चांगली वाफेवर शिजली असती.

"मॅडम, मी नियम मोडतोय. काय करायचं ते बाहेर आल्यावर करा," उस्ताद म्हणाला आणि अवजारांची पिशवी खांद्याला मारून निघाला.

दुसऱ्या मजल्यापर्यंत तो रुबाबात गेला. तिसऱ्यावर कठडा धरला. चौथ्यावर जाळीतून त्याला केबिनचं वरचं टोक दिसलं, तेव्हा तो मुद्दाम शीळ घालत पुढे गेला. पाचव्यावर मात्र गुडघ्यांनी हात वर केले, आणि तो पायरीवरच बसला.

फोन वाजला. "पोचलात?"

"बसलोय."

"का?"

आजवर त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. पण पिशवी पायाशी पडलेली, दम छातीत मावत नव्हता, आणि खोटं बोलायलाही श्वास लागतोच.

"गुडघे," तो म्हणाला.

मॅडम हळूच म्हणाली, "म्हणजे माझा नियम बरोबरच होता."

"गुडघ्यांपुरता बरोबर होता. पण तुम्ही माझा जिनाच काढून घेतलात. मला एवढंच हवं होतं की मधे बसायला काहीतरी असावं आणि पिशवी दुसऱ्या कुणीतरी उचलावी."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत?"

हेच बायकोनेही विचारलं होतं. "चढतो," एवढंच म्हणून तो उठला.

वर जाऊन त्याने वीज तोडली, ब्रेक सैल केला आणि मोटरचं चाक हाताने फिरवत केबिन मजल्याला आणून टेकवली. "आता दार ओढा," तो म्हणाला. दार उघडल्याचा आवाज फोनमधून आला.

मॅडम घरी पळाली नाही. चार मजले चढून वर आली, घामाने निथळत, आणि पिशवी उचलून त्याच्या पुढे जिना उतरू लागली. एवढ्यावर तिने थांबायला हरकत नव्हती. पण भल्या माणसांना थांबता येत नाही. पुढच्याच आठवड्यात नवा नियम आला: ज्येष्ठ कर्मचारी बिघडलेल्या लिफ्टवर जातील, सोबत घडीचं स्टूल आणि ते स्टूल व पिशवी उचलायला एक तरुण सहकारी. पिशवी उचलायला लंबू मिळाला.

पहिलंच काम निघालं नऊ मजल्यांच्या इमारतीत. लंबूला जिने नवे नव्हते, पण एवढं ओझं घेऊन तो कधी चढला नव्हता. एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्यावर स्टूल घेऊन चौथ्या मजल्यावर तो पांढराफटक पडला. उस्तादचेही गुडघे ठणकत होते; त्याने स्टुलाकडे हात केला. तेवढ्यात लंबूने ते उघडलं आणि स्वतःच धपकन त्यावर बसला.

मग भानावर येऊन, अर्धवट उठत, तो धापा टाकत म्हणाला, "उस्ताद, दोनच मिनिटं."

कित्येक महिन्यांनी ते नाव त्याच्या कानावर पडत होतं. उस्तादने लंबूच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत खाली बसवलं.

"बस निवांत," तो म्हणाला, आणि कठड्याला टेकून उभा राहिला.