शून्य क्रमांकाचा कप्पा

मित्रांनो, मी एका मोबाइलमधला जुना अ‍ॅरे आहे, आणि हजेरीची वेळ झाली की मला अजून धडकी भरते.

अ‍ॅरे म्हणजे एका ओळीतले कप्पे. विजय नगरात चारुलता मॅडम मुलांना जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चौकोनी कंस उघडला, बारा मुलांची नावं स्वल्पविराम देऊन लिहिली आणि कंस मिटला. झाला माझा जन्म! माझ्या कप्प्यांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात, कारण क्रमांक म्हणजे सुरुवातीपासून किती पावलं चालायची ते. पहिल्या कप्प्यासाठी एकही पाऊल लागत नाही. म्हणून नावं बारा, पण शेवटचा क्रमांक अकरा. शून्यावर होती पलक, वर्गात सगळ्यांत लहान आणि हळू बोलणारी.

रोज माझ्यावरून हजेरी व्हायची. मोबाइल नाव वाचायचा, मूल "हजर" म्हणायचं, आकडा एकाने वाढायचा. पालकसुद्धा कौतुक करायचे. पुढे सवय झाली आणि मला कोणी तपासेनासं झालं.

लालबाग या बागेच्या सहलीत, जेवणाच्या सुट्टीत, वर्गातल्या हुशार सुरुचीने मॅडमचा मोबाइल मागून घेतला आणि हजेरी 'नीट' केली.

"मॅडम, गिनती शून्यापासून कोण करतं? मी एक ते बारा करून टाकलं."

"बरं केलंस," मॅडम डबे गोळा करता करता म्हणाल्या.

एकपासून सुरू म्हणजे पलक सुटली. आणि बारा क्रमांकाचा कप्पा माझ्याकडे नाहीच! पण विचारल्याशिवाय अ‍ॅरेला बोलता येत नाही.

परत निघताना बसमध्ये हजेरी झाली. पलक तेव्हा बागेमागच्या नळावर पाणी पीत होती. अकरा नावं वाचून झाली आणि बारा क्रमांकाचा कप्पा मागितला गेला. नाही ते कुठून देऊ? मी म्हणालो, "अनडिफाइंड."

"अरे भिया, हा कोण नवीन आला?" मागून अंकुर ओरडला आणि आवाज बदलून म्हणाला, "हजर, मॅडमजी!"

सगळी बस हसली. आकडा बारा झाला.

"बारा पूरे! निघू का, मॅडमजी?" चालक रामभाऊंनी विचारलं, आणि बस निघालीसुद्धा.

एकेक चौक मागे पडत होता. शून्यावर पलकचं नाव तसंच पडून होतं, आणि मी मॅडमच्या पर्समध्ये मुका.

तेवढ्यात सुरुची हसता हसता थबकली. "मॅडम... अनडिफाइंड म्हणजे तिथे कोणीच नसतं ना? मग बारावा हजर कोण?"

"मी तर मजाक केला होता," अंकुर पुटपुटला.

मॅडम सीटवरून उठल्या. "शून्यावर कोण होतं गं?"

"पलक."

"रामभाऊ, बस वळवा!"

पलक फाटकाशी चौकीदाराचा हात धरून उभी होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "माझं नाव नाही घेतलं?"

मित्रांनो, मला शून्यापासून मोजा आणि माझी लांबी जितकी असेल, त्याच्या एक आधी थांबा. आणि मी कधी "अनडिफाइंड" म्हणालो, तर हसू नका. मला ओरडायला तो एकच शब्द येतो.