गवतावर ठेवलेला पाळणा

ब्रन्सविक उपनगरातल्या टीगनच्या गल्लीत मोठ्या कचऱ्याचा आठवडा चालू होता. वर्षातून दोनदा महापालिकेचा ट्रक यायचा, आणि त्याच्या आधीचे आठ दिवस जो तो आपल्या घरासमोरच्या गवताच्या पट्ट्यावर नको झालेलं सामान आणून मांडायचा. मोडके पंखे, डाग पडलेल्या गाद्या, तीन पायांच्या खुर्च्या. ट्रक येईपर्यंत त्यातलं निम्मं नाहीसं झालेलं असे. गवतावर ठेवलेली वस्तू उचलणाऱ्याची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. टीगनच्या घरातलं जेवणाचं टेबल तसंच आलं होतं, आणि तिच्या नवऱ्याचा, रेनाटोचा, लाडका दिवाही.

त्या मंगळवारी सकाळी दार वाजलं तेव्हा चार महिन्यांचा वीटो तिच्या खांद्यावर नुकता कुठे गप्प झाला होता. वीटो हे मूल चालत्या बाबागाडीत झोपायचं, नाहीतर चालत्या माणसाच्या खांद्यावर. गाडी थांबली की डोळे उघडे. टीगनने घरातल्या घरात किती मैल कापले होते, देव जाणे. तिने वीतभर दार उघडलं. बाहेर एक डोंगराएवढा माणूस उभा होता. बाळ पाहताच त्याने आवाज खाली आणला.

"ते लाकडी... नकोय ना कुणाला?"

त्याने बोट दाखवलं. शेजाऱ्यांनी टाकलेल्या गादीला टेकून काहीतरी लाकडाचं ठेवलेलं होतं. टीगनला रात्रीची झोप नव्हती. तिला त्यातला एक कोपराच काय तो दिसला.

"न्या की," ती कुजबुजली. "लवकर न्या, नाहीतर दुसरं कुणीतरी उचलेल."

त्याने छातीवर हात ठेवून मान तुकवली आणि मांजराच्या पावलांनी पायऱ्या उतरला. एवढा मोठा माणूस आणि किती हलकं चालतो, असं मनाशी म्हणत तिने दार लोटून घेतलं.

चार मिनिटांनी दार पुन्हा वाजलं. आता तिची सासू होती.

फिलोमेना मिल्ड्युराजवळच्या मळ्यावरून पहाटे चारला पिकअप गाडी घेऊन निघाली होती आणि दुपारी येते असं सांगून दहालाच पोचली होती. बेदाण्याचा माल शेडमध्ये गेल्याशिवाय ती मळा सोडत नसे, नातू झाला तरी नाही. तिने टीगनच्या गालांचे दोन मुके घेतले, वीटोच्या टाळूचा वास घेतला आणि म्हणाली, "गाडी लावायला जागा म्हणून नाही मेली. चार गल्ल्या फिरले. आधी पाळणा तेवढा समोर उतरवून ठेवला होता, आत घेतलास ना?"

रेनाटोने सांगितलं होतं की आई पाळणा आणणार आहे. म्हाताऱ्या वीटोने, म्हणजे रेनाटोच्या वडिलांनी, वाइनच्या जुन्या पिंपाच्या फळ्यांचा तो केला होता. पिंपाच्या फळीला मुळातच बाक असतो, त्यामुळे खालच्या दोन फळ्यांवर तो पायाच्या अंगठ्यानेही डोलायचा. रेनाटो आणि त्याच्या तिन्ही बहिणी त्यात वाढल्या. वडील गेले त्याला आता दोन वर्षं झाली होती.

टीगनला सगळं एका क्षणात समजलं: ते लाकूड, तो कोपरा, तो माणूस. खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिच्या तोंडून निघालं, "कुठला पाळणा?"

एकदा असं म्हटल्यावर मागे फिरायची वाट बंद.

त्यात या दोघींचं अजून जमायचं होतं. भेटी मोजून तीन: लग्न, अंत्यविधी आणि एक नाताळ. टीगन नवऱ्याला खुशाल नावाने हाक मारी, पण सासूपाशी जीभ अडे. इथल्या रीतीप्रमाणे फिलोमेना म्हणावं तर उद्धटपणा वाटे, मम्मा म्हणावं तर ते लेकरांचं. मग दोन वर्षं तिने "ऐकलंत का" आणि "हे बघा" यावर काढली होती.

फिलोमेना बाहेर जाऊन गवताकडे बघत उभी राहिली. गादी होती, पंखा होता. पाळणा नव्हता.

"इथेच ठेवला होता," ती म्हणाली. "या इथे. पंधरा मिनिटं नाही झाली." मग तिचा आवाज चढला. "हात झडो त्याचे. माणूस पाळणा चोरतो? तोही भरदिवसा?"

टीगनने कचऱ्याच्या आठवड्याची रीत तिला समजावली. गवतावर ठेवलं म्हणजे नकोय, असा अर्थ होतो म्हणे. फिलोमेनाने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती रीत टीगनने स्वतः घातली होती. मळ्यावर आम्ही सगळंच गवतावर ठेवतो, ती म्हणाली, अजून आमचा ट्रॅक्टर कुणी नेला नाही.

मग ती मागे वळलीच नाही. बाबागाडी काढ, म्हणाली. पोरगं तसंही चालतं ठेवायचंय, आपण शोधू.

त्या निघाल्या. टीगनने मनात म्हटलं, एवढ्या आकाराचा माणूस पाळणा घेऊन गेला तर लोकांच्या नजरेतून सुटणार थोडाच. कोपऱ्यावरच्या व्हरांड्यात दिवसभर बसणारे एक म्हातारबाबा होते. त्यांनी टीगनने विचारायच्या आत रेल्वेच्या दिशेला काठी दाखवली. पाळणा टोपीसारखा घातला होता त्याने, ते म्हणाले, आणि शीळ घालत होता. फिलोमेनाने त्यांना विचारलं की तुम्ही अडवलं का नाही. म्हातारबाबा म्हणाले, बाई, त्याला अडवायला मी काय ट्राम आहे?

टीगनला हसू आलं आणि ते तिने बाबागाडीवर वाकून लपवलं.

दगडी बोळातून त्या पलीकडे गेल्या. कुंपणावरून अंजिराच्या फांद्या बोळात लोंबत होत्या आणि खाली पिकून पडलेल्या अंजिरांचा चिखल झाला होता. फिलोमेनाने चालता चालता दोन तोडली, एक स्वतः खाल्लं, एक टीगनच्या हातात दिलं. चोराला शिव्या चालूच होत्या, पण आता मधूनमधून त्यांत खंड पडायला लागला होता. बोळाच्या तोंडाशी लाल विटांची एक लांबलचक इमारत होती. खिडक्यांत कुंड्या, खाली कॉफीचं दुकान. फिलोमेना थांबली. गाडी थांबताच वीटो कुरकुरला, तशी टीगन जागच्या जागी ती मागेपुढे करायला लागली.

"हा मोज्यांचा कारखाना," फिलोमेना म्हणाली. "चार वर्षं काढली मी इथे. तिसऱ्या मजल्यावर, त्या तिथे. इटलीहून आले तेव्हा, लग्नाआधी."

टीगनला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, सासू जन्मली तीच द्राक्षाच्या मांडवाखाली. रोज सकाळी कॉफी घ्यायला ती याच इमारतीखाली येत होती. फिलोमेना सांगत होती, की तिघी जणी एका खोलीत राहायच्या, आणि शनिवारी एकीचे बूट दुसरी घालून नाचायला जायची. थोरला वीटो भेटला, मग मळा आला, मग परत यायला सवडच झाली नाही. आणि खरं म्हणजे, ती म्हणाली, यावंसंही वाटलं नाही. आपण नसताना एखादी जागा अशी मजेत राहते, ते बघवत नाही.

टीगनला वाटलं, आता सांगावं. तोंड उघडलंही. पण फिलोमेना चालू लागली होती.

पुढे लेबनानी बेकरी. काउंटरमागच्या बाईने हात पुसत सांगितलं, हो, टोंगा बेटांवरचा सिओने ना? आत्ताच चार भाकऱ्या घेऊन गेला. रुळांपलीकडे, निळ्या दाराचं घर. पाच आठवड्यांची मुलगी आहे त्याला, बायको सकाळपाळीला जाते. फार खुशीत होता, म्हणत होता, एका बाईने आपणहून दिला.

टीगनचे कान तापले.

"दिला म्हणे," फिलोमेना बाहेर येऊन फणकारली. "चोर दुसरं काय म्हणणार? कोण बाई देईल परक्याला असा पाळणा? देणारीचं डोकं फिरलंय का?"

रुळांचं फाटक पडलं होतं. आगगाडी जाईपर्यंत दोघी उभ्या राहिल्या. टीगन मुलाला हलवत होती आणि मनात वाक्यं जुळवत होती. त्या माणसाने दार उघडल्यावर पहिल्या नजरेत तिला ओळखलं असतं. अहो बाई, तुम्हीच तर म्हणालात लवकर न्या. आणि सासू हे त्याच्या तोंडून ऐकणार. त्याला चोर म्हणून झाल्यावर.

फाटक उघडलं. निळं दार दिसायला लागलं. फिलोमेनाने केसांवरून हात फिरवला, ब्लाउज सारखा केला, जशी काही कोर्टात उभी राहणार होती, आणि कुंपणाच्या दाराला हात घातला.

"मम्मा," टीगन म्हणाली.

फिलोमेना वळली. हा शब्द तिला या तोंडून नवा होता.

"मीच दिला. तो विचारायला आला होता. मला वाटलं शेजारच्यांचं काहीतरी आहे, मी नीट बघितलंच नाही. लवकर न्या म्हणाले. आणि मग तुम्ही विचारलंत, तेव्हा भ्याले."

फिलोमेनाने कुंपणाच्या दारावरचा हात काढून घेतला. वीटो जागा झाला, कारण टीगन गाडी हलवायची विसरली होती.

"म्हणजे तासभर मी शिव्या देतेय," सासू म्हणाली, "त्या तुला."

"हो."

"हात झडो म्हणाले."

"हो."

"आणि डोकं फिरलंय म्हणाले." तिने क्षणभर विचार केला. "ते तेवढं राहू दे."

दार आतून उघडलं. सिओने एक बोट ओठांवर ठेवून उभा होता. टीगनला पाहून त्याचा चेहरा फुलला, आणि सासूचा चेहरा पाहून तो फुललेलाच थांबला. टीगनने हलक्या आवाजात सगळं सांगितलं, या खेपेला काहीही न वगळता. त्याने दोन्ही हात डोक्याला लावले. त्याने फिलोमेनाला आतमध्ये बोलावलं, म्हणाला, मावशी, आत्ता देतो, आत्ताच्या आत्ता देतो, फक्त एक अडचण झालीय.

अडचण पाळण्यात झोपली होती. मुठी डोक्याशी, तोंड अर्धवट उघडं. तीन रात्रींनंतर पहिल्यांदा, सिओने म्हणाला. ठेवली आणि झोपली.

झोपलेलं मूल उठवायचं नसतं. टोंगाचं असो, इटलीचं असो की ब्रन्सविकचं. तिघंही मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. सिओनेने चहा आणला, बशीत तळलेले गोड गोळे आणले, आणि वीटोला स्वतःच्या खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारायला लागला. त्या खांद्यावर वीटो एखाद्या मांजराएवढा दिसत होता. पाच मिनिटांत त्याने मान टाकली.

आतून बारीक कुरकुर ऐकू आली. मुलाची नव्हे, लाकडाची.

"डावी फळी," फिलोमेना म्हणाली. "ती कायमच कुरकुरते. खोबरेल तेल आहे का रे घरात? थेंबभर."

नारळाचं तेल टोंगाच्या माणसाच्या घरात नसेल तर कुठे असेल? तो आणायला गेला. तेवढ्यात ती टीगनला म्हणाली, की द्राक्षं उतरली की येते, वाळली की येते, माल गेला की येते, असं करत मी चार महिने घालवले. वीटोचे पाय बघ केवढे झालेत. यात ठेवला तर आता टाचा टेकतील.

"मी चार महिने उशीर केला, तू चार मिनिटं घाई केलीस," ती म्हणाली. "बाकी पाळणा जाग्यावर आहे."

टीगनने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. तिला रडू येत होतं, पण तोंडात गोड गोळा होता.

मुलगी तासाभराने उठली. फिलोमेनाने तिला उचललं, ओला लंगोट आपणच बदलला, आणि मग सिओनेला पाळणा उलटा करायला सांगितला. तळाला पेन्सिलीने चार नावं होती, म्हाताऱ्या वीटोच्या ठसठशीत अक्षरात, सगळ्यात खाली रेनाटो. फिलोमेनाने बोटांनी ती नावं चाचपली. नातवाचं नाव लिहायला तिने पेन्सिल मागितली नाही. एवढंच म्हणाली, की मावेल तोवर वापरा. मुलगी मोठी झाली की टीगनच्या घरी आणून द्यायचा. दारात. गवतावर नाही.

सिओनेने शपथ घेतल्यासारखी मान हलवली.

"आणि तू," ती टीगनकडे वळून म्हणाली, "तोवर दुसऱ्याची घाई करायची गरज नाही."

टीगनचा चेहरा लाल झाला. सिओनेने छताकडे बघितलं.

परत येताना दोघींना बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. वीटो गाडीत गाढ झोपला होता. फाटक, बेकरी, अंजिरांचा बोळ. म्हातारबाबांनी काठी उंचावून विचारलं, सापडला का? फिलोमेना म्हणाली, सापडला, पण दिला. म्हातारबाबांना ते कळलं नाही, त्यांनी तरी मान डोलावली. रेनाटोला आपणच सांगणार, असं ती चालता चालता म्हणाली. तू सांगितलंस तर तो वर्षभर चिडवेल, मी सांगितलं तर गप्प ऐकून घेईल.

घर आलं. गवतावरून एव्हाना पंखाही गेला होता. टीगनने फाटकाकडे गाडी वळवायला घेतली, तोच दांडीवर सासूचा हात पडला.

"थांबू नकोस. उठेल तो."

"मग?"

"मग काय. सरळ चल." फिलोमेनाने दांडीवरचा हात तसाच ठेवला. "नाचाचा हॉल तुला दाखवायचा राहिलाय. तिथे आता काय विकतात, ते तू सांग मला."