पिवळं कमी कर

टांगीच्या बाजारात गोलकबाबूंचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याच्या आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे मी बसते. चौदा वर्षं लग्नाच्या अल्बमांचे रंग सुधारतेय. या पंचक्रोशीतली एकही सावळी नवरी मी सावळी राहू दिलेली नाही, हे पाप माझ्या नावावर आहे. त्यामुळे गावच्या नावाड्यांच्या संघाने चिल्का सरोवराकाठच्या नव्या माहितीघरासाठी बापाने काढलेले बारा फोटो निवडले आणि ते माझ्याकडे आले, तेव्हा हात सवयीनेच चालला. बगळा पांढराफेक केला, मागचं गवत कापलं, पक्षी चौकटभर मोठा केला.

बापा शेजारी स्टुलावर चुरमुरे खात बसला होता.

"कुंतला, हा काय आधार कार्डाचा फोटो आहे?"

"पक्षी नीट दिसायला नको?"

"त्याचं घर कुठं गेलं? ते गवत, तो चिखल, सगळं परत आण. आणि पावडर लावू नकोस त्याला. बगळ्याचं कुठं लग्न ठरलंय?"

माझा बापा, नटबर बेहेरा, एके काळी या पाणथळीतला पट्टीचा शिकारी. किती पक्षी मारले ते तो सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. मी सहावीत असताना त्याने आणि त्याचा जोडीदार कीर्तन जेना याने देवी कालिजाईपुढे शपथ घेऊन बंदुका टाकल्या. तेव्हापासून दोघं पाहुण्यांना नावेतून पक्षी दाखवत आले. पुढे कीर्तनकाका संघाचा सचिव झाला आणि वल्हं सोडून वही धरून बसला. बापा मात्र नावेतच राहिला, गळ्यात एका पाहुण्याने दिलेला कॅमेरा घेऊन. शिकाऱ्याला आधी जागा दिसते आणि मग पक्षी, असं तो म्हणतो. फोटोही तो तसेच काढतो. भरपूर पाणी, त्यात गवताचं एक बेट आणि त्याच्या कडेला एवढासा शेकाट्या, आपल्या लांब गुलाबी पायांवर उभा.

मी सगळ्यांची घरं परत आणली. मग रंगांचं सुरू झालं. बापा रोज आपली फेरी संपवून दुपारी यायचा, पडद्याला नाक लावून बसायचा आणि म्हणायचा, "पिवळं कमी कर."

"केलं की."

"आणखी कर. आपलं पाणी असं नव्हतं. दोन हिवाळे झाले, गढूळ होत चाललंय. गावात कुणाला पर्वा नाही. निदान फोटोत तरी लोकांना जुनं पाणी दिसू दे."

मला पटलं. उभा जन्म पाण्यावर काढलेल्या माणसापुढे माझ्या यंत्राची काय मिजास? पिवळं काढत गेले. बारा फोटो छापून आले तेव्हा गोलकबाबूंनी चष्मा कपाळावर चढवला.

"चिल्का निळीत बुचकळून काढलीस का गं?"

मी फणकारले, पण मनात पाल चुकचुकली. एक फोटो घेऊन भरदुपारी धक्क्यावर गेले आणि तो पाण्याशेजारी धरला. पाणी लहानपणी पाहिलं होतं तसंच होतं, हिरवट आणि नितळ. पाणी बदललं नव्हतं.

परत येऊन मी एक उद्योग केला. जांभळ्या पाणकोंबडीचा मूळ फोटो उघडला आणि बापाने जितकं पिवळं काढायला लावलं होतं, तितकंच त्यात घातलं. जांभळी पाणकोंबडी मातकट झाली, आभाळ जुन्या चहासारखं झालं, गवत आणि पाणी एकमेकांत मिसळून गेलं. दोन हिवाळे माझा बापा हे बघत होता आणि घरात एकालाही कळलं नव्हतं. मी तिथंच बसून रडले.

हा मोतीबिंदूच, आणि तो काही जगावेगळा आजार नाही. पण संघाचा एक नियम फार कडक आहे. नजर अधू झाली की नावा सोडायच्या पाळीच्या यादीतून नाव कायमचं खोडायचं. गेल्या साली कीर्तनकाकाने याच कारणाने मुकुंदा नावाड्याचं नाव खोडलं. मुकुंदा अजून रोज धक्क्यावर येतो आणि दुसऱ्यांच्या नावा सुटताना बघतो. बापाचं तसं झालं तर तो वर्षही काढणार नाही, असं मला वाटत होतं.

तरी मी दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं.

"धुरकट दिसतं ते ठाऊक होतं," तो म्हणाला. "रंगाचं नव्हतं ठाऊक. मी पाण्याला नावं ठेवत होतो."

"मग नाव कशी नेतोस रे? फोटो कसे काढतोस?"

"आवाजावर. कुठला पक्षी कुठे बसतो ते पाठ आहे, तिकडे कॅमेरा धरायचा. पाहुण्यांना अजून कळलेलं नाही." पडद्याकडे बघत म्हणाला, "पण नावेत आता मला नुसते आवाज येतात, पोरी. पक्षी दिसतात ते इथं, तुझ्या पडद्यावर. म्हणून रोज येत होतो."

मी त्याचा हात धरून बसले.

त्याच दुपारी कीर्तनकाका फोटो बघायला येणार होता. "काही सांगू नकोस," मी बापाला म्हटलं, "मी रंग नीट करून देते आणि पुढच्या हिवाळ्याआधी गुपचूप ऑपरेशन उरकू."

"आणि तोवर पाहुण्यांची पोरंबाळं नावेत बसवू? तो मूळ फोटो आणि तू पिवळं घातलेला, दोन्ही शेजारी शेजारी लाव."

कीर्तनकाका आला. बापा उठून उभा राहिला, जसा तो देवीपुढे उभा राहतो.

"कीर्तन, डावीकडे आपलं पाणी आहे आणि उजवीकडे मला दिसतं ते. आता यादीचं काय करायचं ते तू ठरव."

कीर्तनकाका पडद्याजवळ वाकला. मागे सरला, चष्मा धोतराला पुसला, पुन्हा वाकला.

"काय ठरवू?" तो म्हणाला. "दोन्ही सारखेच तर आहेत."

मी डावीकडची जांभळी पाणकोंबडी पाहिली, उजवीकडची मातकट पाहिली आणि मग कीर्तनकाकाच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्ही बुबुळांवर पांढुरकी साय होती.

"कीर्तन," बापा हळूच म्हणाला, "मुकुंदाचं नाव कुठल्या डोळ्यांनी खोडलंस रे?"

कीर्तनकाका मटकन स्टुलावर बसला. वही हिशेबनीस पोरगी लिहिते आणि खोडलेल्या ओळीवर आपण नुसता अंगठा उठवतो, असं काहीतरी पुटपुटला. मग तोंडावर धोतराचा सोगा धरून रडायला लागला. बापा त्याच्याजवळ उकिडवा बसला.

"ऑपरेशनला भुवनेश्वरला जाऊ," बापा म्हणाला. "मुकुंदालाही घेऊ. पहिली पाळी त्याची."