पिसांची दुलई

बटाटे काढायला निघायच्या घाईतच सासू-सुनेची जुंपली. कारण होतं पाळण्यातली दुलई.

सवेतानं ती नातवासाठी स्वतः शिवली होती. हिवाळाभर शेजारणींना चुलीपाशी जमवून, घरच्या बदकांचं एकेक पीस देठावरून सोलून काढलं होतं. त्या डोंगरातल्या गावात नातवाला आजीच्या हातची दुलई नसणं म्हणजे चारचौघांत तोंड लपवायची पाळी. आणि सून लेनुत्सा ती उचलून पेटीत ठेवत होती.

"नर्सबाई काय म्हनली? पाळन्यात काय बी ठिवायचं न्हाई. उशी न्हाई, दुलई न्हाई. पोर उतानं निजवायचं, बास."

"तुज्या नवऱ्याला मी ह्याच्यापरीस जाड दुलईत वाढिवला. त्याचं काय वाकडं झालं? तिकडं इटलीत इमारती बांधतुया."

"आत्याबाई, मला वाद घालायचा न्हाई. पोराच्या अंगात लोकरीचं झबलं हाय. दुलई पेटीत ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हायली," सवेता म्हणाली आणि फुरंगटून चुलीवरचं मक्याचं पीठ घाटायला लागली.

लेनुत्सा कुदळ घेऊन गेली. दुपारी डोंगरावरून गार वारा सुटला. सवेतानं पाळण्यातल्या नातवाचे, तोदरचे हात चाचपले, ते गार लागले. कालची पोरगी ती नर्स, तिला काय कळतंय, असं पुटपुटत तिनं पेटी उघडली. दुलई छातीपर्यंतच घातली, कडा खोचल्या आणि मागच्या पडवीत चीज पिळायला गेली. एरवी झटक्यात होणारं काम, पण फडकं फाटलं, दुसरं शोधावं लागलं.

परत आली तर पाळण्यात बाळ दिसेना. नुसती फुगलेली दुलई. हातपाय झाडता झाडता पोरानं ती तोंडावर ओढून घेतली होती. सवेतानं ती उघड्या पेटीत भिरकावली. तोदरचे ओठ जांभळे पडले होते, अंग घामानं चिंब.

"रड रं माज्या राजा. रड की." ती त्याची पाठ चोळत राहिली.

पोर हलेना. मग एकदम त्यानं श्वास ओढला आणि घर डोक्यावर घेतलं. सवेता त्याला घेऊन जमिनीवर बसली. ऊन उतरलं तरी तिथून उठली नाही. आपण पोर मारत होतो, हे तिच्या डोक्यातून जाईना.

लेनुत्सा परतली ती शेजारच्या दोम्निकाला घेऊन. दोम्निकाची लेक आठवड्यात बाळंत होणार होती.

"आत्याबाई, दुलई आमी वापरत न्हाई तर दोम्निकाकाकीच्या नातवाला दिऊ का?" लेनुत्सा मऊ आवाजात म्हणाली. सकाळचं भांडण तिला मिटवायचं होतं. "तुमी माजं ऐकलंत, मला लई बरं वाटलं."

"अगं, तुज्या हातची दुलई म्हंजे पोराचं नशीब," दोम्निका म्हणाली.

गप्प बसली असती तर सवेताचं काही बिघडलं नसतं. सून खूश, शेजारीण खूश, आणि नातू मांडीत हात चोखत होता. पण दोम्निकानं पेटीतल्या दुलईला हात घातला आणि सवेताला राहवेना.

"दोम्निके, ती नगं निऊ. म्या ती तोदरवर घातली हुती. त्याचा श्वास कोंडला. जांभळं पडलं हुतं पोर."

दोम्निकानं हात मागं घेतला. लेनुत्सानं सासूच्या मांडीतून बाळ ओढून घेतलं आणि तशीच मातीच्या हातांनी नर्सबाईच्या घराकडं धावली. पोर धडधाकट आहे, हे ऐकून परतली तरी रात्री पाळणा तिनं स्वतःच्या खाटेपाशी ओढून घेतला. सवेतालाही वाटलं, बरोबरच आहे.

सकाळी लेनुत्सा एवढंच म्हणाली, "आजपासनं बटाटे तुमी काढा. पोरापाशी मी बसते."

सवेताचे गुडघे कधीचे कामातून गेले होते. तरी ती गेली. वाफ्यात रांगत, बोटांनी माती उकरत तिनं बटाटे काढले. प्रत्येक कळ तिला हवीशी वाटत होती.

दुपारी बांधावर लेनुत्सा आली. कडेवर तोदर, हातात जेवण.

"हात धुवा," ती म्हणाली. सवेतानं धुतले. लेनुत्सानं बाळ तिच्या मांडीत ठेवलं, आणि स्वतः समोरच, हात पोचेल इतक्या जवळ बसली.

"जेवा," ती म्हणाली, आणि सवेताचं जेवण होईपर्यंत तिनं बाळावरची नजर काढली नाही.